गौरीभोवतीचे रूळ

कुंडल
३ ऑगस्ट १९७५

ती. आक्का,

बनूचा नमस्कार. हे पत्र मी दादांना विचारून लिहिते आहे, हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुला ते चोरटं वाटायला नको. "आक्काला पत्र लिहू का?" असं मी सरळ विचारलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. वर्तमानपत्राचं पान उलटलं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. चुकला असेल तर चूक माझी.

तू लग्न करून मिरजेला गेल्यापासून या घरात तुझं नाव मोठ्यानं कुणी घेत नाही. आई 'ती' म्हणते. दादा, बाप असून, तेही म्हणत नाहीत. वडूजकडच्या मेंढपाळांच्या घरातला मुलगा, रेल्वेत नोकरी का असेना, आपल्यात कसा बसणार, हे त्यांचं एकदा बोलून झालं आणि त्यानंतर त्यांनी तो विषय पेटीत घालून झाकणच लावलं. पेटीत म्हणते ते खरोखरीचं. दादांनी पलटणीत असताना जबलपूरहून आणलेली खेळण्यातली विजेवरची आगगाडी तुला आठवते ना? साहेब विलायतेला परत निघाला म्हणून त्यानं विकली ती. तू गेलीस त्या आठवड्यात दादांनी ती बांधून माळ्यावर टाकली आणि झाकणाला खिळे ठोकले.

परवा गौरीच्या आरासीचं बोलणं निघालं. आई म्हणाली, यंदा गौर आणायला मनच होत नाही. एक लेक घरात नाही आणि मातीच्या लेकीचं कौतुक करायचं. दादा ऐकत होते. मला कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "दादा, गौरीला आक्काला बोलावू या."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "ती पेटी काढ. गौरीफुडं गाडी पळवून दाव. दारातनं निघंल, गौरीला फेरा घालंल आन् त्याच वाटंनं त्याच दाराला परत यील. आली, तर बोलाव तिला."

"आणि नाही आली तर?"

"तर इषय संपला."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, एवढंच? गाडी तर आपण पोरी असतानाही चालवली होती. नुसती गोल गोल, पण चालवली होती. त्यामुळे आक्का, मी आजच खिळे उपटले. इंजिन ठीक आहे, डबे ठीक आहेत. रूळ काळे पडले आहेत. सांधा, म्हणजे वाट बदलणारा तो रुळाचा तुकडा, एकच आहे पण शाबूत आहे.

अर्जुनांना, म्हणजे त्यांना दाजी लिहावं की नाही ते मला ठरवता येत नाही, नमस्कार सांग.

तुझी बनू


१७ ऑगस्ट

ती. आक्का,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालते. पंचमीला आम्ही तुझी वाट बघितली नाही. आईनं चार वेळा अंगणात जाऊन बघितलं ते भाजीवालीसाठी, असं ती म्हणाली.

गाडीचा नकाशा झाला. कागदावर मला जमेना. कागदावर काढलेलं केवढं होणार याचा अंदाज येत नाही. शेवटी बैलांच्या रिकाम्या गोठ्याची जमीन सारवली आणि रांगोळीनं खऱ्या मापाचाच नकाशा काढला. दारापासून सरळ वाट, मग गौरीच्या चौरंगाभोवती गोल, गोल संपला की पुन्हा त्याच सरळ वाटेवर. दिसायला ढोबळमानानं पूजेच्या पळीसारखं. गाडी गौरीला उजवीकडे ठेवून फिरेल, प्रदक्षिणेसारखी. सुंदर दिसत होतं. मनुकाकी शेण टाकायला आली ती बघत उभी राहिली.

"कुणाचं लगीन हाय गं?"

"लग्न नाही काकी, रेल्वे."

"मंग मधी कमळ काड की. मोकळं दिसतंय."

रूळ मांडायला घेतले तेव्हा कळलं की रांगोळी मनाप्रमाणे वळते आणि रूळ वळत नाही. वळणाचे तुकडे सगळे एकाच वळणाचे आहेत. माझा गोल अंड्यासारखा झाला होता, त्यात ते बसेनात. सगळं पुसलं. मध्ये खिळा ठोकून त्याला सुतळी बांधली आणि नीट वर्तुळ मारलं. आता बसले. चौरंग मात्र लहान घ्यावा लागेल. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

खाली ठोकायला फळ्या नव्हत्या. दादांच्या पलटणीतल्या जुन्या खोक्याच्या फळ्या गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या दिसल्या, खिळे उपटून, रंधा मारून. गड्यानं ठेवल्या असतील. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मला काय ठावं न्हाई.

तुला आठवतं का, शाळेत नाव घालण्याआधी दादांनी आपल्याला घरीच शिकवलं होतं? अक्षरं, पाढे आणि तारायंत्राची टकटक. शाळेत गेल्यावर बाई म्हणाल्या, या मुलीला तिसरीत बसवा, आणि मला पहिलीतल्या कविता येत नव्हत्या म्हणून मी रडले. दादांचा एक धडा मात्र मी रोज मनात म्हणते आहे. वीज एका तारेनं येते, दुसरीनं जाते, त्या दोघींची वाटेत गाठ पडू द्यायची नाही. रुळांचंही तसंच. एका रुळानं वीज येते, इंजिनाच्या चाकांतून जाते, दुसऱ्या रुळानं परतते.

दोन तारा जोडल्या आहेत. उद्या चालवून बघणार.

तुझी बनू


२६ ऑगस्ट

ती. आक्का,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस, "माहेरी यायला परीक्षा द्यायची असेल तर मी ती देत नाही, आणि माझ्या नावानं तूही देऊ नकोस. गाडी फिरली तरी मी येणार नाही. ज्यांना मी हवी आहे त्यांना माझं दार माहीत आहे." मी ते तीनदा वाचलं. तुझं खरं आहे. अट घालून लेकीला बोलवायचं नसतं. हे मला अट घातली तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं, कशीही का होईना, वाट उघडते आहे.

तरी मी काम सोडलेलं नाही. तू रागावशील. पण सोडलं तर 'इषय संपला' हे दादांचे शब्द खरे होतील, आणि ते माझ्या हातून खरे व्हावेत हे मला सोसणार नाही.

आता वाईट बातमी. गाडी चालत नाही.

चालत नाही म्हणजे जागची हलत नाही. गाडीला वीज देणाऱ्या डब्याची खुंटी फिरवली की त्यात टक् होतं, त्याचा दिवा विझतो. मला वाटलं, रूळ मळले आहेत. चिंच आणि राख घेऊन सगळे रूळ घासले, तांब्या घासतात तसे. रूळ असे चमकले की आई म्हणाली, "देवाची भांडी बी आशी घास की." पुन्हा टक्. मग वाटलं, चिंच राहिली असेल. पुन्हा घासले. इंजिनाची चाकं घासली. पुन्हा टक्. या घासण्यात माझे किती दिवस गेले ते लिहीत नाही.

काल दादा गोठ्याच्या दारात आले. आत आले नाहीत.

"काय म्हनती गाडी?"

"डबा बंद पडतो, दादा."

"तार तारंला लागत असंल."

"कुठंच लागत नाही. एकूण एक तार बघितली."

"मंग आसंल कायतरी," म्हणाले आणि गेले. आक्का, त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. जिंकल्याचा आनंद नव्हता. अवघड वाटल्यासारखं होतं. अठरा वर्षं पलटणीत तारांचं काम केलेला माणूस. मी काय चुकते आहे ते त्यांना दारातूनच दिसलं असणार, असं मला आता राहून राहून वाटतं.

तुझी बनू


४ सप्टेंबर

ती. आक्का,

सापडलं.

रुळांवरून बोट फिरवून काही कळेना, तेव्हा मी आईच्या करंड्यातून हळद आणि कुंकू घेतलं. विजेच्या डब्याच्या ज्या तारेतून वीज येते त्या रुळाच्या कडेनं जमिनीवर हळद ओढत निघाले आणि परतीच्या रुळाच्या कडेनं कुंकू. सरळ वाटेवर डाव्या हाताला हळद, उजव्या हाताला कुंकू. गोलात शिरले, गौरीच्या जागेभोवती फिरले, सांध्यापाशी परत आले. आणि बघते तर माझी हळद कुंकवाच्या रुळाला जाऊन मिळाली होती आणि कुंकू हळदीच्या.

मी तिथेच बसले. तार कुठंच चुकली नव्हती. नकाशाच तसा होता. गोल फिरून आलेल्या वाटेनंच परत जायचं म्हटलं की डावा रूळ उजव्याला भिडणारच. पोरी असताना आपली गाडी नुसती गोल फिरायची, म्हणून हे कधी उद्भवलं नाही. आणि फेरा घालून त्याच वाटेनं, त्याच दाराला, ही अट दादांनी अशीच सहज घातली नव्हती.

मला राग आला. मला राग येत नाही, तुला माहीत आहे. मी गोठा बंद करून घरात गेले आणि भाकऱ्या थापल्या. आई म्हणाली, "हळू गं, परात फुटंल." थापता थापता डोक्यात आलं, की दोघी भिडतात तर त्यांना भिडू द्यायचं नाही. गोल बाकीच्या वाटेपासून तोडायचा. गोलाच्या दोन्ही तोंडांशी रुळांमधल्या लोखंडी जोडपट्ट्या काढल्या आणि फटींत माझ्या फणीचे दात कापून बसवले. फणी प्लास्टिकची आहे, तिच्यातून वीज जात नाही. गोलाला वेगळ्या तारा दिल्या. डबा बंद पडायचा थांबला.

मग गाडी सोडली. सरळ वाट, गोलात शिरली, फिरली. तेवढ्यात मी तिला गोलातच थांबवलं, सांधा बदलला, बाहेरच्या वाटेच्या दोन्ही तारा काढून एकमेकींच्या जागी लावल्या. हळदीची कुंकवाला, कुंकवाची हळदीला. आता बाहेर पडणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला पुन्हा हळदच होती, तिला हवी तशी. खुंटी फिरवली. आक्का, ती बाहेर पडली. आली तशी, तोंड पुढे करून, सरळ दारापर्यंत. मी ओरडले नाही. मला ओरडायचं होतं, पण शेजारच्या गोठ्यात गाय व्यालेली होती.

बायांसमोर मात्र तारा काढून लावत बसता येणार नाही. एका झटक्यात दोन्ही तारा उलटवणारा खटका हवा होता. दुसऱ्या दिवशी असा खटका मिळाला. चिनीमातीची बैठक, पितळेची दोन पाती, पॉलिश कागदानं लख्ख केलेली. कसा मिळाला ते आत्ता लिहीत नाही, कारण मला खात्री नाही आणि खात्री नसताना लिहिलेलं नंतर खोटं ठरतं.

तू येणार नाहीस, हे मी विसरलेले नाही.

तुझी बनू


गौरी आवाहन, सायंकाळ

ती. आक्का,

हे पत्र पोस्टमन आणणार नाही. ज्यांनी आणलं ते दारात उभे असतील. आधी त्यांना पाणी दे, मग वाच. ते बस म्हटलं तरी बसणार नाहीत, उंबऱ्यापाशी घुटमळतील, खांद्यावरचा टॉवेल चाचपत राहतील. त्या टॉवेलाला हळदकुंकू लागलं आहे. धू म्हटलं तर धुऊ देईनात. ते कसं लागलं तेच सांगायचं आहे.

सोप्यात सगळी आरास मांडली. दारापाशी वाट सुरू, चौरंगाभोवती गोल, मध्ये गौरीचा मुखवटा. गाडीच्या उघड्या डब्यात तेरड्याची डहाळी, म्हणजे आवाहनाची गौर, ठेवली. विजेची खुंटी आणि खटका माझ्याकडे, सांध्याची दोरी मनुकाकीकडे. तिला मी सकाळपासून शिकवत होते. "आता म्हटलं की ओढायची, काकी. आधी नाही."

"आगं म्हशीची दोरी वडती मी रोज. ह्ये काय त्यातलं."

आळीतल्या सगळ्या बाया आल्या. आईनं उंबऱ्यावर गौरीचे पाय धुतले. बायांनी विचारलं, "गौर आली?" आई म्हणाली, "आली." "कशाच्या पावलानं आली?" आई दर वर्षी सोन्याच्या पावलानं म्हणते. यंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "चाकावर आली गं बाई. बगा की."

मी खुंटी फिरवली. गाडी निघाली. बाया एकदम मागे सरल्या आणि मग एकदम पुढे वाकल्या. सुलाबाई म्हणाली, "आगं बया, कोळसा कुटं घालती?" गाडी गोलात शिरली. "आता," मी म्हटलं, काकीनं दोरी ओढली, मी खटका टाकला. गाडी गौरीमागून वळून आली आणि सांध्यावरून बाहेर पडली. फणीचे दात, खटका, सगळं बरोबर लागलं होतं. दार हातभरावर राहिलं.

आणि बायांना राहवेना. गाडीतून डहाळी आली म्हणजे लक्ष्मीच की. सुलाबाईनं इंजिनावर हळदकुंकू वाहिलं, मग बाकीच्यांनी. इंजिनावर, डब्यांवर, रुळांवर मूठमूठ. चाकं कुंकवावर चढली आणि वीज तुटली. गाडी दारासमोर उभी राहिली.

मी खुंटी पूर्ण फिरवली. काही नाही. हात उचलून पुढे जाऊन रूळ पुसावा एवढंही मला सुचेना. बायांना काही कळलं नव्हतं, त्या हसत होत्या. पण दादा दारात उभे होते. गाडी त्यांच्या पायांपासून हातभर. मला फक्त 'इषय संपला' एवढंच ऐकू येत होतं.

दादा खाली बसले. बायांच्या मेळ्यात, गुडघे टेकून. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी आधी एक रूळ पुसला, मग दुसरा, अगदी उंबऱ्यापर्यंत. मग इंजिनाला मागून बोट लावलं, पोराला चालायला शिकवताना लावतात तसं. गाडी सुटली आणि त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली.

बाया गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. गप्प राहिले असते तरी चाललं असतं, हे मला माहीत होतं. पण मला तसं जमत नाही. मी म्हटलं, "दादा, खरं सांगायचं तर गाडी आपली आपण आली नाही. थांबली होती. तुमचा हात लागला. अट पुरी झाली नाही."

आईनं कपाळावर हात मारला. "ह्या पोरीला कुनी इचारलं हुतं का?"

दादा टॉवेलाकडे बघत होते. म्हणाले, "माजा हात लागल्याबिगार ती यील कशी?"

मग टॉवेल खांद्यावर टाकून, "आटच खोटी हुती, बने. तसा फेरा घातला की तारा भिडत्यात, मला ठावं हुतं. तुला जमनार न्हाई म्हनून घातली."

"मग फळ्या? आणि खटका? खटका माझ्या पाटावर कागदात गुंडाळून ठेवला होता."

"उंदरानं आनला आसंल. गनपती बसलाय घरात."

आई हसली. आक्का, किती दिवसांनी हसली. मी धीर करून तुझं कार्ड दादांच्या हातात दिलं. परीक्षेचं, दाराचं, सगळं त्यांनी वाचलं. परत दिलं. म्हणाले, "बराबर लिवलंय. आसंच शिकवलं हुतं मी." आणि आईला म्हणाले, "आवं, सकाळच्या गाडीचा डबा करा. मुराळी जायला भाऊ न्हाई, तर बापानं जावं."

"एकटीला आनताय?" आईनं विचारलं.

"एकटी कशी? जावई न्हाई व्हय?"

म्हणून आता मी नीट लिहिते: दाजींना नमस्कार सांग. दोघंही या. पूजनाचं जेवण तुम्ही आल्याशिवाय वाढायचं नाही, असं दादांनीच सांगितलं आहे. पुरण शिजत आहे. उद्या बाया पुन्हा गाडी बघायला येणार आहेत, आणि मी सगळ्यांना बजावलं आहे की हळदकुंकू गौरीला, रुळाला नाही.

मनुकाकीनं दोरी चांगली ओढली, पण तिचं सगळं लक्ष गाडीकडे असतं. ती दोरी दाजी ओढतील. खुंटी मी धरीन. खटक्यापाशी पाट मांडून ठेवला आहे, तो तुझा.

तुझी बनू